कोरडा कागद

त्या मंगळवारी अर्व्हिड टोलेफसनच्या बुटांवर जे सांडलं ते निदान त्याचं स्वतःचं होतं, एवढाच काय तो दिलासा.

क्वार्ट्झसाइट गावाच्या तोंडाशी मैला सोडायची जागा आहे. हिवाळ्यात तिथे सकाळी आठपासून मोटरहोमांची, म्हणजे आत राहायच्या गाड्यांची, रांग लागते. आपली पाळी आली की खाली उतरायचं, गाडीच्या पोटाखालच्या पाइपाचं झाकण काढायचं, जाड नळी जोडायची आणि मग दांडा ओढायचा. दांडा ओढला की आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि संडासाची टाकी रिकामी होते. पण नळी जोडायच्या आधीच, नुसतं झाकण काढल्यावर काही बाहेर आलं, तर व्हॉल्व्ह गेला असं समजायचं. हे इथे पहिलाच हिवाळा काढणाऱ्यालाही कळतं, आणि अर्व्हिडचा तर हा सोळावा. मागे रांगेत आठ गाड्या होत्या आणि आठही काचांमागून लोक बघत होते. दुसऱ्या कुणाचे बूट असते तर रांगेने हॉर्न वाजवून ताल धरला असता. आज कुणी हसलंसुद्धा नाही, आणि तेच अर्व्हिडला खटकलं.

कारण त्या मुलखात व्हॉल्व्ह म्हणजे अर्व्हिड, असं समीकरणच झालं होतं.

नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावात एका शाळेची इमारत त्याने एकतीस वर्षं सांभाळली. बॉयलर, नळ, तुंबलेली मोरी, सगळं त्याच्या हातचं. निवृत्त झाला त्याच वर्षी त्याने आणि त्याच्या बायकोने, मार्डेलने, अठ्ठ्याऐंशी सालातलं एक मोटरहोम विकत घेतलं, आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरात बर्फाकडे पाठ फिरवून दोघं ॲरिझोनाच्या वाळवंटात येत गेली. अशा गाड्यांच्या बऱ्याच चांगल्या पार्कांत दहा वर्षांहून जुनी गाडी उभी करू देत नाहीत. फाटकावरच नाक मुरडतात. म्हणून अशा सगळ्या म्हाताऱ्या गाड्या वाळवंटातल्या सरकारी जमिनीवर येऊन राहतात. तिथे वीज नाही, नळ नाही, पण वयाची कुणी चौकशी करत नाही. अट एकच, गाडीतून जमिनीवर थेंब पडता कामा नये. रेंजरला खडीवर ओल दिसली की तो दोन दिवसांची मुदत देतो, आणि मग खुशाल जा म्हणतो.

जुनी गाडी आणि न गळणारा व्हॉल्व्ह ही दोन्ही फार दिवस एकत्र नांदत नाहीत. त्यामुळे अर्व्हिडला काम भरपूर होतं. चाकं लावलेल्या फळीवर उताणा झोपून तो गाडीखाली सरकायचा, चार बोल्ट सोडवायचा, जुना व्हॉल्व्ह काढायचा, नवा बसवायचा. पैसे घेत नसे, घरचा केक चालायचा. काम झालं की टाकीत स्वच्छ पाणी भरायला लावायचा, प्रत्येक सांध्याला संडासातल्या कागदाची पट्टी गुंडाळायचा आणि तासभर मालकाला तिथेच उभं ठेवायचा. तासाने पट्टी सोडवून बोटांत चोळायचा आणि म्हणायचा, "कोरडं." बस. पुढे एक शब्द नाही. दुसऱ्या कुणी बसवलेला व्हॉल्व्ह त्याला दाखवला, तर पट्टी कितीही कोरडी निघो, तो म्हणायचा, "बघू."

माणूस वाईट नव्हता, पण आपणच बरोबर असण्याची त्याला फार सवय होती. रबरी कडी बसवताना ग्रीस लावणाऱ्यांबद्दल तर तो भर सभेत बोलायचा. ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याने ग्रीस लावावं, असं त्याचं मत. चार वाजता सगळे शेकोटीभोवती खुर्च्या टाकून बसायचे तेव्हा हे मत प्रत्येकाने पाचपन्नास वेळा तरी ऐकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी मार्डेल गेली. त्यांची एकुलती एक मुलगी कर्स्टन फार्गोला राहते, जिल्हा न्यायालयात कारकून आहे. तिने तेव्हाच बापाला आपल्याकडे राहायला बोलावलं. खालची खोली रंगवूनसुद्धा घेतली.

"बाबा, तिथे वाळवंटात एकटे पडून काय करणार आहात तुम्ही?"

"जे दुकटा असताना करत होतो तेच."

"आणि काही झालं म्हणजे?"

मग बराच वाद होऊन अर्व्हिडने शब्द दिला होता. ज्या दिवशी माझ्या गाडीखाली दुसऱ्या कुणाचा हात लागेल, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात आणि मी तुझ्या घरात. नॉर्वेहून आलेल्या त्याच्या आजोबांपासून त्या घरात शब्द म्हणजे शब्द. कर्स्टनने तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, तारखेसकट, आणि दर नव्या वर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवून घेतला. दर फेब्रुवारीत ती तीन दिवसांसाठी यायची, आणि बापाच्या गळ्यात पडायच्या आधी गुडघे टेकून गाडीखाली बघायची.

या खेपेला ती शनिवारी येणार होती.

बुधवारी अर्व्हिडने गावातल्या दुकानातून दोन व्हॉल्व्ह आणले. एक संडासाच्या टाकीचा, मोठा. एक सांडपाण्याच्या टाकीचा, लहान. जुन्या गाडीत एक गेला की दुसरा त्याच्या मागोमाग जातोच, म्हणून दोन्ही बदलायचे हा त्याचाच नियम. मोठ्या रबरी कड्यांच्या दोन जोड्या जास्तीच्या घेतल्या. हेही नवीन होतं. पूर्वी तो जास्तीचं काही घेत नसे.

हातांचं काय झालं होतं ते त्याला ठाऊक होतं. दोनेक वर्षांपासून कॉफीत साखर ढवळताना चमचा कपावर वाजायचा. त्यावर त्याने उपाय शोधला होता, तो बिनसाखरेची प्यायला लागला होता. जोर लावायचा असला की हात गुणी वागायचे. नाजूक काम समोर आलं की उजवा हात आपला वेगळा उद्योग सुरू करायचा.

गुरुवारी सकाळी त्याने फळी गाडीखाली सरकवली. शेजारी दोन खुर्च्यांच्या अंतरावर वेल्डा प्रुइट विणकाम घेऊन बसली होती. वेल्डा ओक्लाहोमाची, सहासष्ट वर्षांची, दोन नवऱ्यांना पोहोचवून आलेली. तिच्याकडे मोटरहोम नव्हतं, साधी व्हॅन होती. त्या व्हॅनला टाकीच नव्हती, झाकणाची एक बादली होती, आणि त्याबद्दल बाईला काडीची लाज नव्हती.

जुने व्हॉल्व्ह काढायला तासही लागला नाही. गंजलेले बोल्ट त्याने करवतीने कापले. मग खरं काम आलं. पाइपाच्या दोन तोंडांमध्ये बोटभर फट असते. दोन्ही तोंडांच्या खाचेत एकेक रबरी कडी बसवायची आणि त्या दोन कड्यांच्या मधून व्हॉल्व्ह सरळ आत सरकवायचा. कडी जराशी दुमडली की संपलं.

"काय हो," वेल्डा म्हणाली, "जेवण खालीच पाठवू का?"

"तुम्ही तुमचं विणकाम बघा."

"बघतेच आहे. माझा मोजा टाचेपर्यंत आला. तुमचं कुठवर?"

थोड्या वेळाने अर्व्हिडने पाणी सोडलं, पट्टी गुंडाळली, आणि दोन मिनिटांत ती त्याच्या बोटांत विरघळली. उघडून बघितलं तर कडी दुमडून बोल्टखाली चिरली होती. दुसऱ्या जोडीतली एक हातातून निसटून खडीत पडली. ती पुसून बसवली, तीही गळली. तिसऱ्या जोडीच्या वेळी त्याने उजवं मनगट डाव्या हाताने धरून ठेवलं. पण मग व्हॉल्व्ह धरायला हात उरला नाही, आणि तीही जोडी चिरली.

तो फळीसकट बाहेर आला. कपाळावर गंज, दाढीत वाळू.

"कड्या संपल्या," तो म्हणाला. "दुकानात एवढ्याच होत्या. आता सोमवारी ट्रक येईल म्हणे."

"आणि पोरगी शनिवारी," वेल्डा म्हणाली. त्याचा शब्द त्या सगळ्या परिसराला पाठ होता. कर्स्टनच सांगायची ना सगळ्यांना.

अर्व्हिडने दाढीतली वाळू झटकली. तो घाबरला होता. फार्गोची ती रंगवलेली खोली त्याने पाहिली होती. खिडकीतून गॅरेजची भिंत दिसायची.

वेल्डाने सुया खाली ठेवल्या. व्हॅनमध्ये गेली आणि बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढून तिने तो त्याच्या पुढ्यात धरला. आत रबरी कड्या होत्या, मोठ्या आणि लहान, जोडीजोडीने पिशव्यांत घातलेल्या. अर्ध्या इंचाचा पाना होता. ग्रीसची एक ट्यूब होती, निम्म्याहून अधिक पिळलेली.

अर्व्हिडने डब्यात बघितलं. मग व्हॅनकडे बघितलं.

"तुमच्या गाडीला टाकी नाही."

"नाही."

"मग हे कशाला?"

वेल्डाला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. पत्त्यांत ती सगळ्यांना लुटायची. पण त्या वेळी तिला सुचलं नाही, किंवा तिने मनावर घेतलं नाही.

"ऑसीसाठी आणल्या होत्या. पहिल्यांदा."

ऑसी स्टब्ज म्हणजे शेकोटीपाशी सर्वांत मोठ्याने हसणारा माणूस, आयडाहोचा बटाटेवाला.

"ऑसीचा व्हॉल्व्ह मी बसवलाय," अर्व्हिड म्हणाला. "गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात. कोरडा होता."

"तासभर होता. तिसऱ्या दिवशी गळायला लागला."

"मला नाही बोलला."

"कसा बोलेल बिचारा? त्याच्या बायकोचा अख्खा केक खाऊन गेला होतात तुम्ही."

"आणखी कुणाचा?"

"सोडा ना हो."

"वेल्डा. आणखी कुणाचा?"

तिने नावं सांगितली. पोस्टमास्तरांचा. त्या दोघी बहिणींचा. हॅरिएटचा, दोनदा. रस्त्याच्या वळणावर पिवळी गाडी असते त्यांचा. अर्व्हिड गावात सामान आणायला गेला की ती डबा घेऊन निघायची. कड्या बदलायच्या, ग्रीस लावून चिकटवायच्या, बोल्ट होते तसे आवळायचे. दोन हिवाळ्यांत त्याने अकरा गाड्यांखाली काम केलं होतं. त्यातल्या नऊ तिने पुन्हा उघडल्या होत्या.

अर्व्हिड पालथ्या बादलीवर बसला. हात गुडघ्यांत दाबून धरले, तरी ते थांबेनात. त्याला राग आला होता आणि कुणाचा ते कळत नव्हतं. दोन वर्षं आपण या लोकांसमोर ग्रीसवर भाषणं ठोकली, आणि प्रत्येकाच्या गाडीखाली ग्रीस होतं, आणि एकाही पठ्ठ्याने चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणीतरी सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतंत. तुम्हाला काय ओळखत नाही आम्ही? मग चार वाजता कोणाशी भांडायचं?" वेल्डाने पाना उचलला. "सरका. पुठ्ठा आहे का एखादा? मला ती तुमची फळी नको, घरंगळते मेली."

"तुमचा हात लागला तर शब्द मोडतो माझा."

"मी बोलणार नाही. इथलं कुणी बोलणार नाही. ते आम्हाला किती छान जमतं ते बघितलंत ना आत्ता."

गाडी तशीच उघडी ठेवावी तर शनिवारी मुलीला दिसणार होती. बंद करावी तर करणार कोण? अर्व्हिडने बराच वेळ समोरच्या निवडुंगाकडे पाहिलं. मग उठला आणि पुठ्ठा आणून दिला.

वेल्डा खाली गेली. बाहेर तिचे पाय तेवढे दिसत होते, एकात मोजा, एकात नाही. अर्व्हिडने सवयीने दोनदा सूचना केल्या, दोन्ही वेळा खालून "झालं ते" असं उत्तर आलं, मग त्याने नाद सोडला. दोन्ही व्हॉल्व्ह मिळून चाळीस मिनिटं लागली. पूर्वी त्याला एवढाच वेळ लागायचा. टाक्या पाण्याने भरल्या, पट्ट्या गुंडाळल्या. तासाने वेल्डाने पट्टी सोडवून त्याच्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

त्याने पट्टी चोळली.

"बघू," तो म्हणाला.

"वाटलंच," वेल्डा म्हणाली आणि मोज्याकडे वळली.

टाक्या त्याने रिकाम्या केल्या नाहीत. नव्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या. शुक्रवारीही त्या कोरड्या होत्या.

शनिवारी अकराच्या सुमाराला कर्स्टन फीनिक्सहून भाड्याच्या गाडीने आली. चांगल्या पँटीनिशी तिने खडीत गुडघे टेकले, मोबाइलचा दिवा लावला आणि आत बघितलं.

"नवीन घातलेत? दोन्ही?"

"दोन्ही."

तिने हात घालून पट्टी चाचपली, आणि बापाची नक्कल करत, आवाज खाली घेऊन म्हणाली, "कोरडं." मग हसत उठली आणि त्याच्या गळ्यात पडली. "बाबा, मला वाटत होतं या वर्षी तुम्हाला घेऊनच जावं लागणार. फोनवर तुमचा आवाज कसा होता! कमाल आहे तुमची."

अर्व्हिडने तिच्या पाठीवर थोपटलं. बोलायला हीच वेळ होती, आणि तो बोलला नाही. दुपारी तिने आणलेले भाजलेले बटाटे गरम केले तेव्हाही बोलला नाही. कॉफी त्याने डाव्या हाताने प्यायली. आपण सुटलो असं त्याला वाटायला हवं होतं, पण घास गिळताना त्रास होत होता.

चारला शेकोटीपाशी बारा खुर्च्या होत्या. कर्स्टनला सगळे ओळखत होते. ऑसीने तिच्यासाठी खुर्ची पुसली.

"बघितलंस ना म्हाताऱ्याचं काम?" तो म्हणाला. "गुरुवारी मी इथूनच बघत होतो. एकट्याने केलं. हातसुद्धा लावू देत नव्हता कुणाला."

"हो, मीही बघितलं," हॅरिएट म्हणाली. "शिट्टी वाजवत होते काम करताना."

"आमच्या गाडीचा याने दोन वर्षांपूर्वी बसवला," ऑसी पुढे म्हणाला, "अजून थेंब नाही. याच्या हाताला गुण आहे बरं."

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. दोघी बहिणींनी डोलावली. कुणाचाही आवाज अडखळला नाही. अर्व्हिडने एकेक चेहरा बघत खुर्च्यांचा फेरा पूर्ण केला. माणसं प्रेमळ होती यात शंकाच नव्हती. पण उद्या आपले दोन्ही हात गळून पडले तरी ही माणसं असंच बोलणार, आणि आपण रोज चार वाजता इथे येऊन ते ऐकणार, हे त्याला एकदम दिसलं. शेवटी त्याने वेल्डाकडे बघितलं. ती एकटीच खाली, विणकामाकडे बघत होती.

अर्व्हिडने कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली गाडीची किल्ली सोडवायला घेतली. कडीतून ती निघेना, हात साथ देईना. सगळे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. वेळ लागला, पण किल्ली त्यानेच सोडवली आणि कर्स्टनच्या पुढे धरली.

"हे काय?"

"दुसऱ्याचा हात लागला. वेल्डाने बसवले. यांचेही तिनेच बसवलेत. मी फक्त केक खाल्ले."

ऑसीने तोंड उघडलं. त्याच्या बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

कर्स्टनने किल्ली घेतली नाही. तिचा चेहरा उतरला होता. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, आणि तिला ते नको झालं.

"बाबा, दोन व्हॉल्व्हसाठी कुणी असं... मी काय कोर्टातून आलेय का?"

"कोर्टातूनच आलीयस. लिहून ठेवलंयस ना कॅलेंडरवर?"

"चेष्टेने लिहिलं होतं मी!"

"मी चेष्टेने म्हटलं नव्हतं," अर्व्हिड म्हणाला आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.

सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. रविवारभर लोक येत राहिले, कुणी डबा देऊन, कुणी नुसतं गाडीच्या चाकाला लाथ मारून उभं राहायला. ग्रीसचा विषय कुणी काढला नाही, तो शेवटी अर्व्हिडनेच काढला. "थोडंसं लावायला हरकत नाही," असं तो पोस्टमास्तरांना म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण घास आता नीट उतरत होता.

इथली रीत अशी की गाडी जागेवरून हलली की मालकाने परत येऊन रिकामी जागा पायी फिरून बघायची. खिळा, दोरी, राख, निखारा, काही मागे राहता कामा नये. कर्स्टनने गाडी रस्त्यावर नेऊन उभी केली. टाक्या अजून पाण्याने काठोकाठ होत्या. गुरुवारपासून चार दिवस. अर्व्हिड एकटाच मागे आला. सोळा हिवाळ्यांत चाकांनी खडीत दोन चर पाडले होते. त्यांच्यामधून तो सावकाश चालत गेला, आणि टाकीखालच्या जागेवर आला तेव्हा एक हात जमिनीला टेकवून खाली बसला. वरची खडी बाजूला केली. खालची माती चिमटीत घेऊन चोळली. हात थरथरत होता, माती बोटांतून आपोआप गळून गेली.

वेल्डा तिच्या खुर्चीपाशी उभी होती. दोन्ही पायांत मोजे होते.

त्याने उठायला वेळ घेतला. मग हात पँटीला पुसले आणि तिच्याकडे बघून म्हणाला,

"कोरडं."

वेल्डाने मान हलवली. तिला बोलायचं होतं बरंच काही, पण तो तोवर रस्त्याला लागला होता. चाकांची फळी त्याने तिच्या व्हॅनला टेकवून ठेवली होती.